संगणकाचा कौल आणि शहराचे भवितव्य

शहर हे यंत्र नव्हे. रस्ता रुंद केला की वाहने वाढतात आणि ज्या अडचणीवर उपाय योजला, तीच नव्या रूपाने पुढे उभी ठाकते. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहरांचे हे गुंतागुंतीचे स्वरूप नगररचनाकारांच्या नजरेस आणून दिले. हा गुंता संगणकाकरवी उलगडण्याचा एक धाडसी प्रयत्न अमेरिकेत लवकरच झाला.

बोस्टनचे महापौरपद सोडून जॉन कॉलिन्स १९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत आले. तेथील प्रा. जे फॉरेस्टर यांच्याशी झालेल्या त्यांच्या विचारविनिमयातून १९६९ मध्ये फॉरेस्टर यांचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. उद्योग, घरे आणि माणसे यांचे परस्परसंबंध समीकरणांत बसवून फॉरेस्टर यांनी एका कल्पित शहराची २५० वर्षांची वाटचाल संगणकावर चालवून पाहिली. निष्कर्ष खळबळजनक होता. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची अवनतीच होते. जमीन घरांखाली जाते, उद्योगांना जागा उरत नाही आणि बेकारी वाढते. सबब जीर्ण वस्त्या काही प्रमाणात पाडून उद्योगांना वाव द्यावा, असा संगणकाचा कौल पडला.

परंतु कौल मानण्यापूर्वी तो कोणी व कसा लावला, हे पाहावे लागते. या प्रतिकृतीत उपनगरेच नव्हती. शहराभोवतीचा प्रदेश अमर्याद मानलेला होता. शहर सोडून गेलेला गरीब माणूस हिशेबातूनही गेला. प्रत्यक्षात तो शेजारच्या हद्दीत कोठेतरी आसरा शोधतो आणि त्याचे दारिद्र्यही त्याच्याबरोबर जाते. शहर सुधारले, की केवळ गरीब हलवले गेले? या प्रश्नाचे उत्तर त्या समीकरणांत नव्हते.

तथापि, फॉरेस्टर यांना एक श्रेय द्यावेच लागेल. त्यांनी आपली समीकरणे ग्रंथात छापली. म्हणूनच टीकाकारांना त्यांतील उणिवेवर नेमके बोट ठेवता आले. राज्यकर्त्यांच्या मनातील गृहीतके मात्र कोठेही छापलेली नसतात. टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये याहून साधी वाट दाखवली. आपल्यासारखे थोडे शेजारी असावेत, एवढ्या सौम्य इच्छेतूनही वस्त्या पुरत्या विभागल्या जातात, हे त्यांनी पटावरील सोंगट्यांसारख्या मांडणीने सिद्ध केले. त्यांनी भविष्य वर्तवले नाही. कार्यकारणभाव तेवढा उघड केला.

प्रतिकृतीचा खरा उपयोग हाच आहे. आज संगणकावर लाखो कल्पित नागरिक वावरू शकतात. पण त्यांचे वर्तन ठरवणारा माणूसच असतो. म्हणून ज्यांची घरे पाडायची, त्यांना त्या निर्णयामागील गृहीतके वाचण्याचा आणि खोडून काढण्याचा अधिकार आधी मिळाला पाहिजे. तो नाकारून केलेले नियोजन शास्त्रीय म्हणवून घेण्यास पात्र नाही.