आधार घेऊन केलेली आसने

शिलाईयंत्रावर दिवसभर वाकून बसणारा कारागीर असो की डोक्यावरून विटा वाहणारा मजूर, अशा माणसांना व्यायामाची गरज नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी होत. श्रमात तेच सांधे आणि तेच स्नायू त्याच रीतीने वारंवार राबतात. उरलेले शरीर मात्र आखडत जाते. अशा थकलेल्या शरीराला धावणे किंवा उड्या मारणे सोसत नाही. धावताना पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. ज्या व्यायामात सांध्यांना असा हादरा बसत नाही, तो सौम्य व्यायाम होय. चालणे, पोहणे आणि योगासने यांचा त्यात समावेश होतो. योगासने प्राचीन आहेत. परंतु त्यांची एक आधुनिक पद्धती दुबळ्या शरीराच्या अनुभवातून घडली.

या पद्धतीचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर या खेड्यात झाला. त्या वर्षी देशभर इन्फ्लुएन्झाची साथ होती आणि त्यांची आईही आजारी होती. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब बंगळूरला आले. नवव्या वर्षी पितृछत्र हरपले. मलेरिया, विषमज्वर, क्षय आणि अपुरे अन्न यांमुळे या मुलाची प्रकृती अगदी खालावली होती. १९३४ मध्ये त्यांचे मेहुणे, योगाचार्य टी. कृष्णमाचार्य यांनी त्यांना म्हैसूरला बोलावून घेतले. तेथे त्यांचे योगाचे शिक्षण सुरू झाले.

१९३७ मध्ये अय्यंगार पुण्यास आले. थोडेफार इंग्रजी येत असल्याने या कामासाठी त्यांची निवड झाली होती. वय अवघे अठरा वर्षांचे आणि शिकायला येणारे बहुतेक विद्यार्थी त्यांच्याहून धट्टेकट्टे! सांगणाऱ्याचेच शरीर साथ देत नसेल, तर त्याने शिकवावे कसे? या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी त्यांनी प्रत्येक आसन स्वतःच्या शरीरावर तासन्‌तास पडताळून पाहिले. कोणता सांधा कोणत्या रेषेत असावा, भार टाचेवर पडावा की चवड्यावर, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. शरीराची अचूक ठेवण हेच पुढे त्यांच्या पद्धतीचे मुख्य लक्षण ठरले.

दुसरे लक्षण म्हणजे साधनांचा वापर. त्रिकोणासनात हात जमिनीपर्यंत नेण्याच्या हट्टापायी अनेकांचे गुडघे वाकतात आणि धड पुढे झुकते. तोच हात जमिनीऐवजी उभ्या विटेवर टेकवला, तर पाठीचा कणा सरळ राहतो आणि छाती मोकळी होते. भिंत, खुर्ची, पट्टा, दोरी, लोड, घडी घातलेली घोंगडी अशा साध्या वस्तूंनी त्यांनी वृद्ध आणि रुग्ण माणसांनाही आसने साध्य करून दिली. आधारामुळे स्नायूंवर ताण न येता आसनात अधिक वेळ राहता येते. आधार घेणे म्हणजे आसन अर्धवट करणे, असे काहींना वाटते; ते बरोबर नाही. १९७९ मध्ये अपघातात दुखापत झाल्यावर स्वतः अय्यंगारांनीही या साधनांच्या साहाय्याने आपला सराव पुन्हा उभा केला.

विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांची आणि त्यांची १९५२ मध्ये मुंबईत भेट झाली आणि त्यानंतर ही पद्धती परदेशांत पोहोचली. १९६६ मध्ये त्यांचा आसनांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये पुण्यात त्यांच्या दिवंगत पत्नी रमामणी यांच्या नावाने योगसंस्था सुरू झाली. २० ऑगस्ट २०१४ रोजी अय्यंगार निवर्तले.

योगाने आराम वाटतो, हे अनेक जण सांगतात. पण वाटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. ते अंतर कमी करण्याचे काम बंगळूर येथे झाले, मात्र ते अय्यंगार परंपरेहून वेगळ्या प्रवाहात. अभियंते डॉ. एच. आर. नागेंद्र आणि वैद्यकतज्ज्ञ डॉ. आर. नागरत्ना यांनी दम्याच्या ५३ रुग्णांना दोन आठवडे योग शिकवला आणि पुढे रोज ६५ मिनिटे सराव करण्यास सांगितले. तेवढ्याच दुसऱ्या रुग्णांचे केवळ नेहमीचे उपचार चालू राहिले. योग करणाऱ्यांमध्ये दम्याचे झटके आणि औषधांची गरज अधिक कमी झाली. हा अभ्यास १९८५ मध्ये ब्रिटनमधील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे बंगळूरजवळील जिगणी येथे जुनाट कंबरदुखीच्या ८० रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना योग आणि निम्म्यांना इतर शारीरिक व्यायाम देण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार योग करणाऱ्या गटात दैनंदिन हालचालींतील अडचण अधिक कमी झाली आणि कण्याची लवचीकताही अधिक वाढली. मात्र हा प्रयोग एका आठवड्याचा होता. लाभ किती काळ टिकेल, हे त्यावरून ठरवता येत नाही.

औषधांची गरज कमी होणे आणि औषध स्वतःहून बंद करणे, यांत मोठा फरक आहे. दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली येणारी आसने टाळावीत. मणक्याची चकती सरकलेली असल्यास पुढे वाकू नये. सुरुवात जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली करावी. घरी सराव करताना वीट नसेल, तर भिंतीजवळ ठेवलेला, न डळमळणारा पाटही चालतो.