नमनाला दोन मिनिटं

एक मुलगी दार उघडते, खोली ओलांडते, खुर्चीत बसते आणि समोर बसलेल्या माणसाशी दोन वाक्यं बोलते. बस्स. खून नाही, पाठलाग नाही, गूढ तर औषधालाही नाही. पण इंग्लंडमध्ये मीडिया स्टडीज शिकणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं सिनेमा करायला निघाली की त्यांना आधी एवढंच करून दाखवावं लागायचं.

माझी भाची लेस्टरला शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. ओसीआर या परीक्षा मंडळाचा एक अभ्यासक्रम २००८मध्ये सुरू झाला होता. त्यातला मुख्य प्रकल्प मला फार गमतीदार वाटला. एका नव्या, काल्पनिक सिनेमाची फक्त सुरुवात करायची. पाट्यांसकट, जास्तीत जास्त दोन मिनिटं. पुढचा सिनेमा करायचाच नाही. गटात चाराहून जास्त जण नकोत. चित्र आणि आवाज सगळा आपला आपण तयार करायचा. बाहेरचं संगीत घ्यायचंच तर स्वामित्वहक्काच्या भानगडीत नसलेलं. आणि या सगळ्याआधी हात बसावा म्हणून ते दार, ती खोली, ती खुर्ची.

भाचीच्या गटाने थ्रिलर निवडला. अंधारा जिना आणि एक घाबरलेली मैत्रीण एवढ्यावर भागतं, हे त्यामागचं खरं कारण. मी त्या डिसेंबरात ताईकडे गेले होते, त्यामुळे टॉर्च धरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दिवसाउजेडी चित्रण करून ते रात्रीसारखं निळसर दिसावं म्हणून कॅमेऱ्यातल्या रंगांच्या सेटिंगला फसवण्याची युक्ती तिने वाचून ठेवली होती. ती वापरावीच लागली नाही. तिथे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. कॉलेज सुटून मुलं घरी येईपर्यंत थ्रिलरचा उजेड तयार!

तर ते दार. त्याचे दोन शॉट होते. पहिला बाहेरून : हात मुठीवर येतो, मूठ फिरते. दुसरा आतून : दार उघडतं, मुलगी आत येते. दोन्हींच्या मध्ये चांगली वीस मिनिटं गेली होती. कॅमेरा आत न्यायचा होता, दिवा हलवायचा होता आणि नायिकेला बिस्किटं खायची होती. भाचीने कॉम्प्युटरवर दोन्ही तुकडे जोडले. आधी तिने जोड घातला तो मूठ पुरती फिरून थांबल्यावर. दिसायला ती दोन चित्रंच दिसली, एकापुढे एक मांडलेली. मग तिने जोड थोडा मागे सरकवला, मूठ फिरत असतानाच बाहेरचा शॉट तोडला आणि आतल्या शॉटमध्ये तीच मूठ फिरताना धरली. जोड नाहीसा झाला. मी तिला तो तुकडा सात-आठ वेळा लावायला सांगितला. जोड नेमका कुठे आहे हे मला ठाऊक होतं, तरी नजरेत सापडेना.

हे कसं होतं, ते समजून घ्यायला आरसा पुरतो. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. नजर इकडून तिकडे जाते, पण डोळे हलताना काही दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्वच्छ दिसतात. आपली नजर सेकंदाला साधारण तीन उड्या मारते आणि प्रत्येक उडीच्या क्षणी मेंदू मधलं गढूळ चित्र दाबून टाकतो. म्हणजे आपण दिवसभर तुकडे-तुकडेच बघत असतो आणि ते शिवण्याचं काम आतल्या आत चाललेलं असतं. सिनेमावाल्यांनी या शिंप्याला आपल्या कामाला लावलं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८मध्ये लोकांना सिनेमाचे तुकडे दाखवले आणि कट दिसला की बटण दाबा म्हणून सांगितलं. शोधायलाच बसलेली माणसं, तरी हालचालीच्या मध्यावर घातलेले कट त्यांच्या हातून पुष्कळ निसटले.

मग वाटतं, ही आपल्याला लहानपणापासून सिनेमे बघून लागलेली सवय असेल. तर तसंही पूर्णपणे नाही. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण तुर्कस्तानातल्या डोंगराळ भागातली अशी माणसं निवडली होती, ज्यांनी तोवर सिनेमा किंवा टीव्ही पाहिलेला नव्हता. त्यांना छोट्या फिती दाखवल्या. इमारत बाहेरून दाखवायची आणि मग आतली खोली, या दोन्हींचा संबंध अनेकांना लागेना. पण ओळखीचं एखादं काम पायरीपायरीने चाललेलं असलं, की मध्ये कट असूनही अर्थ लागत होता. दार, खोली, खुर्ची हा सराव ज्याने कोणी ठरवला, त्याला हा अभ्यास ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण खुर्चीत जाऊन बसण्याइतकं ओळखीचं काम दुसरं कुठलं असणार?

हालचालीच्या मध्यावर तोडायचं, हा त्या सरावातला एक नियम. दुसरा आहे एकशेऐंशी अंशांचा. नाव भूमितीतलं वाटतं, पण कबड्डी बघणाऱ्याला तो न सांगता कळावा. सामना टीव्हीवर दाखवताना मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच बाजूला असतो. त्यामुळे चढाई करणारा डावीकडून उजवीकडे गेला म्हणजे शत्रूच्या अंगणात गेला, हे डोक्यात पक्कं बसतं. मध्येच पलीकडच्या बाजूने दाखवलं, तर तोच गडी घरी परतताना दिसेल. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोघांमध्येही अशीच एक अदृश्य रेघ असते. कॅमेऱ्याने ती ओलांडली, की दोघं एकमेकांशी बोलायच्या ऐवजी एकाच भिंतीशी बोलताहेत असं वाटतं. मुलांनी पहिल्या प्रयत्नात ती ओलांडली होतीच. कुठे काय चुकलंय हे कोणाला सांगता येत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे सगळ्यांना दिसत होतं. ताईलासुद्धा, आणि ती नुसती चहा द्यायला आली होती.

हात बसला. आता खरी दोन मिनिटं. इंग्लंडच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे हिशेबाने तीन हजार चित्रं. नमनाला घडाभर तेल जाळायची सोयच नाही.

गोष्ट साधी होती. मुलगी संध्याकाळी घरी येते, घरात दुसरं कोणीतरी आहे. पहिल्या आवृत्तीत ती आत येते, बूट काढते, चहाचं पाणी ठेवते, गुणगुणते आणि मागून एकदम हात येतो. दचकायला झालं खरं, पण एकदाच, आणि त्याआधीचं मिनिटभर कंटाळ्यात गेलं. मग भाचीने एकच बदल केला. काळोख्या जिन्यावर बुटाचा ओला ठसा, असा तीन सेकंदांचा शॉट होता. तो तिने शेवटी ठेवला होता, तो उचलून सगळ्यात आधी टाकला. बाकी काही हलवलं नाही. आता तीच मुलगी तेच बूट काढत होती आणि आमचा जीव वरखाली होत होता. चहात साखर किती ढवळतेस बाई, पळ ना!

आल्फ्रेड हिचकॉकने १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफोला दीर्घ मुलाखत दिली, तिच्यात हेच टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण देऊन सांगितलंय. बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाने तो पंधरा सेकंद दचकेल. ठाऊक असेल, तर टेबलावरच्या रटाळ गप्पांची पंधरा मिनिटं तो श्वास रोखून ऐकेल. थ्रिलरची सुरुवात करणारा माणूस खरं म्हणजे एकच गोष्ट ठरवत असतो : कोणाला काय ठाऊक आहे, पात्राला आणि आपल्याला. अंधार, पाऊस, काळे हातमोजे हा सगळा नंतरचा साज. विद्यार्थ्यांच्या थ्रिलरमध्ये टोपीवाला काळा स्वेटर घातलेला माणूस रानातून चालत येतो आणि मुलगी धावत सुटते, असे नमुने मी भाचीच्या मागे बसून डझनभर तरी पाहिले. त्यांत भीती का वाटत नाही, याचं उत्तर इथे आहे. ती का धावतेय हे तिला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीची काळजी किती वेळ करायची?

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ एव्हिल’ची (१९५८) सुरुवात मुलांना वर्गात दाखवली होती. एक हात टाइमबाँबचा काटा लावतो. बाँब गाडीच्या डिकीत जातो. गाडीत जोडपं बसतं, गाडी निघते, आणि क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून उडत तिच्या मागे लागतो. गर्दी, हातगाड्या, बकऱ्या. मग एक नवविवाहित जोडपं चालत येतं, गाडी कधी त्यांच्या मागे, कधी पुढे. मेक्सिकोच्या सीमेवरच्या नाक्यावर गाडीतली बाई म्हणते की, माझ्या डोक्यात काहीतरी टिकटिकतंय. तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. पहिला कट येतो तो स्फोटाबरोबर. मेक्सिको म्हणून जे दिसतं, ते खरं लॉस एंजेलिसमधलं व्हेनिस नावाचं उपनगर आहे.

याची पुढची कथा मला त्या शॉटहून जास्त आवडते. स्टुडिओने या दृश्यावर पाट्या चढवल्या आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत लावलं. वेल्सचं म्हणणं वेगळं होतं. त्याने अठ्ठावन्न पानांचं टिपण पाठवून काय काय बदलायला हवं ते कळवलं. त्याला तिथे रस्त्यावरचे आवाज हवे होते. एकेका बारमधून येणारी गाणी आणि त्या गाडीतला रेडिओ. वॉल्टर मर्च या संकलकाने ते टिपण समोर ठेवून १९९८मध्ये सिनेमा पुन्हा जोडला, तेव्हा वेल्स जाऊन तेरा वर्षं झाली होती. आता गाडी नजरेआड गेली तरी तिचा रेडिओ ऐकू येतो, म्हणजे बाँब जवळ आलाय की लांब गेलाय हे कान सांगतात. चित्र तेच, पण आता ते कानाने बघायचं.

आवाजाचा धडा आम्हाला कुकरने दिला. मुलं जिन्यावर पावलांचा आवाज ध्वनिमुद्रित करत होती, सगळे श्वास धरून बसलेले, आणि स्वयंपाकघरात ताईच्या वरणभाताच्या कुकरने शिट्टी दिली. टेक वाया गेला. भाची आईवर चिडली, आई भाचीवर. रात्री ते सगळं पुसायला बसली असताना तिने सहज त्या शिट्टीचा वेग पाव करून बघितला आणि मला हाक मारली, “मावशी, हे ऐक.” वेग निम्मा केला की हवेतला प्रत्येक कंप दुप्पट वेळ घेतो आणि आवाज एक सप्तक खाली उतरतो. पाव केला की दोन सप्तकं. चार सेकंदांची शिट्टी सोळा सेकंदांची झाली होती, आणि ती आता शिट्टी नव्हतीच. घराच्या पायाखाली काहीतरी भलंमोठं झोपलंय आणि कूस बदलतंय, असा तो आवाज होता. ओल्या ठशाच्या शॉटखाली तो घातला. दुसऱ्या दिवशी तिच्या इंग्रज मैत्रिणींनी हे कुठून आणलं म्हणून विचारलं, तेव्हा खरं सांगायची तिला लाज वाटली. लाज कसली? हिचकॉकच्याच ‘सायको’मध्ये सुरी खुपसल्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढलाय, आणि सिनेमात हाड मोडतं तेव्हा पुष्कळदा सेलरीची जुडी मोडलेली असते.

राहिल्या पाट्या. आपण सिनेमाला उशीर झाला की म्हणतो, नुसत्या पाट्याच चुकतील. ‘सेव्हन’च्या (१९९५) पाट्या चुकवणाऱ्याने बरंच काही चुकवलं. त्या केल्या होत्या कायल कूपरने. त्या दोनेक मिनिटांत चेहरा दिसत नाही. दिसतात हात : ब्लेडने बोटांची कातडी सोलणारे, गिचमिड अक्षरांत वह्या भरणारे. अक्षरं खरवडलेली, थरथरणारी. खुनी कोण ते कळत नाही, पण तो आपल्याआधी कामाला बसलाय हे कळतं. आणि खुन्याचं काम करणाऱ्या नटाचं, केव्हिन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या पाट्यांत नाहीच. ते वाचलं असतं, तर पहिल्या तासाभरात हा कधी येतोय याची आपण वाट बघत बसलो असतो. पडद्यावर काय लिहायचं नाही, हेही ठरवावं लागतं! ‘सायको’त उलटी गंमत आहे. पडद्यावर शहर, वार, तारीख उमटते आणि मग वेळ : दुपारी दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. अडीच नाही, पावणेतीन नाही. एवढी नेमकी वेळ फक्त पोलिसांच्या पंचनाम्यात असते, आणि कोणाचाही खून व्हायच्या कितीतरी आधी तो पंचनामा सुरू झालेला असतो.

भाचीच्या चौघांनी कलाकार, संकलन, ध्वनी, दिग्दर्शन अशी आपलीच नावं आलटूनपालटून लावली. दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात शेवटी, रिवाजाप्रमाणे. सगळं मिळून एक मिनिट चोपन्न सेकंद. शेवटच्या शॉटमध्ये मुलगी कप खाली ठेवते आणि वर बघते. काळोख. नाव.

वर कोण होतं, असं मी तिला विचारलं. ते त्यांनी ठरवलंच नव्हतं.

तुम्हीही करून बघा. हातातला फोन पुरतो. दार, खोली, खुर्ची, दोन वाक्यं. मूठ फिरत असतानाच तोडा, रेघेच्या एकाच बाजूला राहा. आणि आवाज घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात गॅसवर काय आहे, ते एकदा बघून या. कुकर असला तर बंद मात्र करू नका.