हेड मारण्यासाठी उंची किती हवी?

'डॉक्टर, पोरगा फुटबॉल चांगला खेळतो. पण उंचीने कमी आहे, हेड मिळत नाही. उंची वाढायचं टॉनिक द्या,' अशी मागणी घेऊन काही पालक दवाखान्यात येतात. वाचकहो, टॉनिकने उंची वाढत नाही. आणि हेडसाठी उंची उपयोगी असली, तरी तीच सर्वस्व नव्हे. इटलीचा बचावपटू कॅनाव्हारो जेमतेम पाच फूट नऊ इंचांचा. त्याच्या नेतृत्वाखाली इटलीने २००६ चा विश्वचषक जिंकला. आपला सुनील छेत्री तर त्याहून बुटका. पण मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने मालदीवविरुद्ध हेडनेच गोल केला.

मग लागते काय? पहिला अंदाज. चेंडू कोठे उतरणार हे ओळखून जो क्षणभर आधी उडतो, तो उंच खेळाडूलाही चकवतो. दुसरी उडी. दोन-तीन पावले धावत येऊन, एका पायावर जोर देऊन, हात वर झोकत घेतलेली उडी जागच्या उडीपेक्षा उंच जाते. त्यासाठी पोटऱ्या आणि मांड्या बळकट हव्यात. बैठका आणि दोरीवरच्या उड्या हे त्याचे बिनखर्ची औषध.

तिसरी गोष्ट मान. चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम; पण वेगाने आलेला चेंडू डोक्याला चांगलाच हिसका देतो. मान ताठ, हनुवटी किंचित आत, डोळे उघडे ठेवून चेंडू कपाळावर घ्यावा. टाळूवर किंवा कानशिलावर नव्हे. जोर कमरेपासून यावा. मान ढिली राहिली की हिसका मेंदूपर्यंत जातो. कपाळावर तळहात दाबून, मान न हलवता दहा अंक मोजावेत. तसेच मागून व दोन्ही बाजूंनी करावे. आपल्या कोल्हापुरातील संघ तालमींच्या नावाने खेळतात. मान कमावणे तालमीला नवे नाही.

धोका मात्र ओळखावा. ग्लासगो येथील डॉक्टरांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. २०२१ च्या पुढील पाहणीत बचावपटूंना धोका सर्वाधिक दिसला, गोलरक्षकांना वाढलेला दिसला नाही. हेडमुळेच हे घडते असे यातून सिद्ध होत नाही, तरी संशयाला जागा आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेड मारण्यास मनाई झाली. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेड वगळले गेले.

म्हणून लहान मुलांना आधी पायाचा खेळ शिकवा. थोडी मोठी झाल्यावर हलक्या, कमी हवेच्या चेंडूने, रोज नव्हे, मोजकेच हेड द्या.

डोक्याला मार बसून चक्कर, डोकेदुखी, गोंधळलेपणा जाणवल्यास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका. वेदनाशामक गोळी देऊन तर मुळीच नाही. वारंवार उलटी, झापड, झटके किंवा वाढती डोकेदुखी असल्यास तत्काळ रुग्णालय गाठा. सामना पुढच्या रविवारीही असतो. मेंदू एकच असतो.