अनामिक तात्पुरती फाइल

संगणकाच्या निर्देशिकेत नावाची नोंद न करता, चालू आज्ञावलीच्या अंतर्गत उपयोगासाठी परिचालन प्रणालीकडून निर्माण करून घेतलेली अल्पकालीन फाइल. मोठ्या याद्या क्रमवार लावणे, मुद्रणाची पूर्वतयारी इ. कामांत स्मृतीत न मावणारी मधल्या टप्प्यांतील माहिती तात्पुरत्या फाइलीत ठेवतात.

अशा फाइलीस नाव दिल्यास दोन धोके संभवतात. युनिक्स पद्धतीच्या प्रणालींत ‘टीएमपी’ ही निर्देशिका सर्व वापरकर्त्यांस लिहिण्यासाठी खुली असते. ठरावीक साच्यातील नावाचा अंदाज बांधून एखादा वापरकर्ता त्याच नावाची, पण दुसऱ्याच महत्त्वाच्या फाइलीकडे नेणारी जोडणी तेथे आधीच करून ठेवू शकतो. नाव मोकळे आहे काय हे तपासणे आणि फाइल उघडणे यांमधील क्षणही त्यास पुरतो. मग अधिक अधिकार असलेली आज्ञावली नकळत त्या महत्त्वाच्या फाइलीवर लिहिते. दुसरे असे की, आज्ञावली मध्येच बंद पडल्यास फाइल मागे राहते व तीतील गोपनीय मजकूर इतरांच्या हाती पडू शकतो.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्समध्ये फाइल व तिचे नाव या भिन्न गोष्टी आहेत. मालकी, आकार व साठ्याची स्थाने ‘आय-नोड’ या नोंदीत असतात. नाव केवळ तिचा निर्देश करते. म्हणून फाइल उघडून लगेच नाव पुसले, तरी ती वापरता येते आणि शेवटचा वापर संपताच जागा मोकळी होते. मात्र या रीतीत नाव क्षणभर तरी अस्तित्वात येते. लिनक्स गाभ्याच्या ३.११ या आवृत्तीत (२०१३) आलेल्या ‘ओ-टीएमपीफाइल’ या सोयीने ही उणीव दूर झाली. तीमुळे फाइल प्रारंभापासूनच निनावी असते. काम पूर्ण झाल्यावर हवे असल्यास तिला नाव जोडता येते. त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल इतरांच्या दृष्टीस पडत नाही. यासाठी वापरातील फाइलव्यवस्थेचा पाठिंबा मात्र आवश्यक असतो. पुण्यास मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

निनावीपणा म्हणजे कूटलेखन नव्हे. प्रणालीच्या प्रशासकास उघडी फाइल पाहता येते आणि जागा मोकळी झाल्यावरही तबकडीवर मजकुराचे अवशेष राहू शकतात. म्हणून अतिगोपनीय माहितीसाठी तबकडीवरील साठा कूटबद्ध करणे इष्ट ठरते.