मागे चालणारा धबधबा

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी डोंगर सरळ समुद्रात उतरलेत. तिथे मॅकवे नावाचा एक ओढा ऐंशी फुटांवरून उडी घेतो आणि पडतो कुठे, तर थेट पुळणीवर! 1983 पर्यंत तर तो समुद्रातच पडायचा. त्या वर्षी शेजारची दरड कोसळली, लाटांनी तिची माती-दगड ओढून धबधब्याच्या पायथ्याशी आणून टाकली आणि तिथे नवी पुळण तयार झाली. धाकट्या नातीनं त्याचा फोटो पाहिला होता. आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर वाळूत पाय टाकला तशी तिनं मला धरलं, "आबा, आपल्याकडे असा धबधबा का नाही?"

मी म्हटलं, "आहे. पाणी जरा उतरू दे, दाखवतो."

नालासोपाऱ्याहून रिक्षानं निर्मळवरून कळंब आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं राजोडी, नवापूर करत अर्नाळा, असा आमचा बेत होता. अशी चाल ओहोटी लागल्यावरच सुरू करायची. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरानं येते, त्यामुळे काल जमलेली वेळ आज जमत नाही. निघण्याआधी कुणा कोळ्याला विचारून घ्यावं. त्यांना तिथीवरून तोंडपाठ असतं.

राजोडीचं सुरूचं बन उजव्या हाताला आलं तोवर पाणी बरंच मागे गेलं होतं. ओल्या वाळूवर जागोजाग चकाकणारे ओघळ दिसायला लागले. "हे पाणी आलं कुठून? लाट तर इतकी लांब आहे," थोरला नातू म्हणाला. प्रश्न अगदी बरोबर होता. समुद्र सहा तासांत खाली जातो, पण भरतीच्या वेळी वाळूत मुरलेलं पाणी इतक्या घाईनं निघू शकत नाही. कणाकणांमधल्या फटींतून ते हळूहळू उतरतं आणि उताराच्या खालच्या अंगाला बाहेर फुटतं. त्यात वाड्यांकडून येणारं पावसाचं पाणीही मिसळलेलं असतं. इकडची बावखलं, म्हणजे छोटी तळी, तुम्ही पाहिलीत ना? समुद्र हाकेच्या अंतरावर आणि बावखलात गोडं पाणी, ते उगाच नाही. खारं पाणी जड, गोडं हलकं, म्हणून जमिनीत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतो. समुद्रसपाटीच्या वर तो एक हात असेल, तर खाली सुमारे चाळीस हात असतो! गेयबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे गणित मांडलं. याच हिशेबावर इथल्या केळी आणि पानवेली जगल्या. वरचा एक हात उपसून संपवला, तर खालून खारं पाणी चाळीस हात चढतं. टँकरनं पाणी उपसणाऱ्यांना हे कुणीतरी बसवून शिकवायला हवं, असं मला फार वाटतं.

असो, धबधब्याकडे येऊ. एका ओघळापाशी मी दोघांना उकिडवं बसवलं. ओघळ वाहता वाहता एका जागी एकदम चार बोटं खाली पडत होता. "हा बघा."

धाकटी हिरमुसली. "एवढासा?"

"आधी नीट बघ, मग बोल."

ओली वाळू उभी राहते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतं. म्हणून त्या चार बोटांच्या पायरीला सरळ कडा होता. वरून पडणारं पाणी पायथ्याशी खळगा करत होतं. त्यात काळे कण गरगर फिरत होते आणि कड्याचं पोट आतून पोखरलं जात होतं. वरचा काठ थोडा वेळ अधांतरी राहिला, मग ढेकूळ सुटून खाली पडलं आणि वाहून गेलं. मी धाकटीला सुरूची एक काडी काठावरच खोचायला सांगितली. आणखी एक ढेकूळ पडलं, मग आणखी एक. बघता बघता काडी आडवी झाली आणि काठ तिच्या मागे वीतभर सरकला.

"आबा, हा मागे चालतोय!"

हेच तर दाखवायचं होतं. पाणी पुढे जातं आणि धबधबा उगमाकडे सरकतो. नायगारा असाच सरकत आलाय, गेल्या बारा हजार वर्षांत सुमारे अकरा किलोमीटर. आणि आपला सह्याद्री? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले, भाकऱ्यांची चवड असावी तसे. पुढे सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून तुटून निघाला, मध्ये समुद्र शिरला आणि तुटलेल्या काठावर उंच कडा उभा राहिला. भूशास्त्रज्ञ मानतात, की तो कडा तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या बराच जवळ होता. त्या काळी माणूस असता, तर मॅकवेसारखे कितीतरी धबधबे त्यानं इथे पाहिले असते. मग दर पावसाळ्यात थोडा थोडा करून कडा मागे सरकला. आज कोकणात तो समुद्रापासून पन्नास-साठ किलोमीटर आत आहे, आपल्याकडे तर त्याहून लांब. पूर्वेला दिसतो तो तुंगारेश्वर म्हणजे कडा मागे हटताना वाटेत शिल्लक राहिलेला डोंगर.

थोरल्यानं विचारलं, "मग झिजलेला दगड गेला कुठे?"

मी मूठभर वाळू त्याच्या हातावर ठेवली. खिशातलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवलं, तर काळे बारीक कण उभे राहून त्याला चिकटले. ते मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातलं लोहखनिज. बाकीचा गाळ खाड्यांत बसला. शूर्पारक म्हणून ज्या बंदराचं नाव ग्रीक खलाश्यांनाही ठाऊक होतं, ते आपलं सोपारं. आज तिथे गलबत लागेल एवढं पाणी उरलेलं नाही. भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणला, तोही आता किनाऱ्यापासून दूर, गावाच्या वस्तीत आहे.

नवापूरच्या पुढे उन्हानं दोघांना थकवलं, पण अर्नाळ्याच्या बंदरावर सुकत घातलेली मासळी पाहून थोरला परत बोलायला लागला. "आबा, चिंचोटीचा धबधबाही मागे चालतो ना? येत्या पावसाळ्यात तिथे पोहायला जाऊ या."

तेव्हा मी त्याला जवळ घेऊन तो वाळूतला खळगा आठवायला लावला. चार बोटांवरून पडणारं पाणी एवढं कोरत असेल, तर उंच कड्यावरून वर्षानुवर्षं पडणारं पाणी खाली काय कोरत असेल? तिथला डोह वरून उथळ दिसतो. आत मात्र एकदम खोल होतो आणि पडत्या पाण्याचा भोवरा माणसाला तळाशी दाबून धरतो. वर डोंगरात पाऊस पडला, तर इथे ऊन असतानाही लोंढा येतो. चांगली पोहणारी मुलं तिथे जिवानिशी गेली आहेत, त्यांच्या घरची माणसं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात, ती पाळायची.

"मग कधीच नाही?"

"पाऊस सरल्यावर नेईन. पाणी उतरलेलं असतं, तेव्हा कड्याचं पोट कुठे पोखरलंय आणि पुढचा दगड कुठून सुटायला आलाय, ते लांबूनही दिसतं."