विश्लेषण : अँटिबायोटिकचा डोस कमी पडला तर जिवाणू काय करतो?

माणसाला लघवीचा संसर्ग झाला की सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हशीला कासदाह झाला की एन्रोफ्लॉक्सासिन. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या मेडिकलवर ही नावे नवी नाहीत. दोन्ही औषधे एकाच कुळातली. जनावराच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्येच बदलतो. ती जिवाणूच्या थेट डीएनएवर घाव घालतात. पण घाव अर्धवट बसला तर?

धोक्याची घंटा कशी वाजते?

डीएनएची प्रत काढताना त्याला पीळ बसतो. तो सोडवण्यासाठी ‘गायरेज’ हे विकर डीएनए कापते आणि पुन्हा जोडते. औषध हे जोडणेच अडवते आणि डीएनए तुटतो. तुटल्या जागी एकेरी धागा उघडा पडतो, त्यावर ‘रेकए’ प्रथिनाची रांग बसते.

एरवी ‘लेक्सए’ हे प्रथिन दुरुस्तीच्या जनुकांवर कुलूप लावून बसलेले असते. ई. कोलाय जिवाणूत अशी जनुके ४०च्या आसपास आहेत. रेकएच्या रांगेशी गाठ पडली की लेक्सए स्वतःचेच दोन तुकडे करते आणि कुलूप निघते. हाच ‘एसओएस प्रतिसाद’. त्याचा पाया १९७०च्या दशकात मिरोस्लाव राडमन आणि एव्हलिन विटकिन यांच्या कामातून घातला गेला.

गंमत क्रमात आहे. आधी बिनचूक दुरुस्तीची जनुके जागी होतात. ‘सुलए’ प्रथिन पेशीचे विभाजन थांबवून वेळ काढते. तरीही भागले नाही तर ‘पॉलिमरेज-५’ कामाला लागते. बिघडलेल्या धाग्यावरूनही ते प्रत काढते, पण चुका करत. इंजिनीअरिंगच्या भाषेत हा जुगाड! बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. एखादी मात्र गायरेजच्याच जनुकात होते आणि औषध त्याला चिकटेनासे होते.

पुरावा काय?

अमेरिकेतील संशोधकांनी लेक्सए तुटूच शकणार नाही असे ई. कोलाय तयार केले. उंदरांवरील प्रयोगात या जिवाणूंमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनला प्रतिकार निर्माण झाला नाही. हे संशोधन २००५चे. त्याच्या आदल्याच वर्षी, एसओएसमुळे पटकीच्या जिवाणूतील प्रतिकाराची जनुके इतर जिवाणूंकडे जाण्याचे प्रमाण वाढते, हेही दिसले होते.

पूर्ण मात्रेत बहुतेक जिवाणू मरतात. अपुऱ्या मात्रेत जखमी होऊन उरतात, आणि हा खेळ त्यांच्यातच चालतो. म्हणून मागच्या आजारातल्या उरलेल्या दोन गोळ्या किंवा शेजाऱ्याच्या म्हशीचे इंजेक्शन हा स्वस्त उपाय वाटला तरी महागात पडू शकतो. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असताना तर हा धोका पत्करण्याचे कारणच नाही. दुधाच्या नमुन्याची कल्चर तपासणी केली तर कोणते औषध लागू पडेल हे कळते.

रेकए किंवा लेक्सएलाच अडवणाऱ्या रसायनांचा शोध प्रयोगशाळांत सुरू आहे. औषध म्हणून त्यातले एकही अजून मेडिकलपर्यंत आलेले नाही.