खेळण्यातला घोडा, खरीखुरी रसायने

प्लॅस्टिकचा तयार घोडा विकत आणायचा, त्याचा कारखान्यातला रंग खरवडायचा, मान वळवायची, सरळ पाय दौडीत उचलल्यासारखा वाकवायचा, आयाळ नव्याने घडवायची आणि मग आठवडेच्या आठवडे बसून तो रंगवायचा. अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजला आहे. घोडा बहुधा 'ब्रेयर' कंपनीचा असतो, खऱ्या घोड्याच्या सुमारे एक-नवमांश मापाचा. १९५० मध्ये एका घड्याळाच्या शोभेसाठी केलेल्या घोड्यापासून या कंपनीची घोड्यांची परंपरा सुरू झाली. आता दर जुलैमध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनला या शौकिनांची जत्राच भरते.

हे काम पोरखेळ समजू नये. रंग निसर्गात शक्य आहे का, हेही इथे पाहिले जाते. चेस्टनट म्हणजे तांबूस घोड्याला काळी आयाळ दिली, तर जाणकार लगेच चूक पकडतात. त्या घोड्याच्या केसांत काळे रंगद्रव्य तयारच होत नाही. 'ग्रे' घोडा जन्मतः गडद असतो आणि वयानुसार पांढरा होत जातो, पण त्याची कातडी काळीच राहते. म्हणून त्याच्या नाकपुड्यांभोवती काळसर छटा द्यावी लागते. कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याखालची कातडी मात्र गुलाबी. हौशी रंगारी अशा रीतीने नकळत आनुवंशशास्त्र शिकून जातो.

रसायनशास्त्र मात्र अनेकदा अंगावर उठल्यावरच कळते.

ब्रेयरचे बहुतेक मोठे घोडे सेल्युलोज ॲसिटेटचे असतात. जुन्या चित्रपटांची रिळे याच जातीच्या प्लॅस्टिकची. ते उष्णतेने मऊ होते, म्हणून गरम हवेचा झोत देऊन पाय वाकवता येतो. घोडा पोकळ असल्याने आतली हवा फुगते. ती निघून जावी म्हणून अनेक जण आधी बारीक छिद्र पाडतात. रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरला, तर त्यातल्या ॲसिटोनमुळे रंगासोबत घोडाही विरघळू लागतो.

खरा धोका आहे तो इपॉक्सी पुटीचा. आयाळ, स्नायू, शेपटी याच लांबीने घडवतात. तिचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. दोन्ही सारखे मळले की काही तासांत दगडासारखे घट्ट होतात. पूर्ण घट्ट झालेली पुटी फारशी त्रासदायक नसते. ओल्या पुटीतील घटक मात्र त्वचेची ॲलर्जी निर्माण करू शकतात. पहिल्या दहा वेळा काहीच होत नाही, म्हणून हातमोजे बाजूला पडतात. मग एके दिवशी बोटांना खाज सुटते, पुरळ येते, पापण्या सुजतात. अशी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास उफाळतो आणि छंद सोडण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेत. हाताला लागलेली पुटी थिनरने पुसणे तर आणखी वाईट, कारण थिनर त्वचेचा संरक्षक थर काढून टाकतो. साबण आणि पाणी पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न धुळीचा. पुटी घासून गुळगुळीत करताना बारीक भुकटी उडते. खडूसारख्या कोरड्या पेस्टलचा रंग ब्रशने चढवतानाही तेच, आणि काही रंगांत कॅडमियम किंवा कोबाल्ट असते. भुकटी फुंकून उडवणे ही सर्वांत वाईट सवय. पाणी लावून घासले की धूळ जागीच बसते. टेबल ओल्या फडक्याने पुसावे. कोविडच्या काळात घरोघरी आलेला एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण स्प्रेचा प्राइमर आणि वॉर्निश यांतल्या द्रावकांची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला वेगळा मास्क आणि मोकळी हवा लागते. हे सारे काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तर करूच नये. कारखान्यातल्या कामगाराला निदान वेगळी जागा असते. हौशी माणूस जिथे घासतो तिथेच जेवतो आणि शेजारी मूल खेळत असते.

बोटांवर किंवा पापण्यांवर पुरळ आलेच, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना पुटीच्या डबीवरच्या लेबलाचा फोटो सोबत न्यावा. पॅच टेस्टमध्ये नेमके कोणते घटक तपासायचे, ते ठरवायला त्याची मदत होते.